नाव वाळा, पण जात सगळी बायांची! (वावरातली नवलं)

धुऱ्यावरून (दारव्हा, जि. यवतमाळ)

राम राम मंडळी.

परवा रात्री जेवताना आमच्या सातवीतल्या पोरीनं जाहीर केलं, की ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि त्याचं रक्त निळं असतं. आई भाकर थापत होती. तिनं विचारलं, "हे जनावर कुठं राह्यते?" समुद्रात. "मंग आपल्याले काय करायचं त्याचं?" पोरगी हिरमुसली. माहिती खरी होती हो तिची. आपल्या रक्तात लोखंड, त्याच्या रक्तात तांबं, म्हणून निळं. पण यवतमाळ जिल्ह्यात ऑक्टोपस दाखवू कुठून?

दुसऱ्या दिवशी तुळशीच्या कुंडीतली माती बदलायला काढली, तर आतून वाळा निघाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वीतभरही नसतो, काळपट तपकिरी, पहिल्या नजरेत गांडूळच वाटतो. नीट पाहिलं तर अंगावर चकचकीत खवले दिसतात आणि मधूनच बारीक जीभ बाहेर येते. साप आहे तो. बिनविषारी. डोळे खवल्यांखाली झाकलेले दोन ठिपके, उजेड-अंधार कळण्यापुरते. खातो काय, तर मुंग्यांची आणि वाळवीची अंडी-पिल्लं.

आता नवल ऐका. या वाळ्यात नर नसतोच. जगभर जितके तपासले तितक्या माद्याच निघाल्या. मादी नराशिवाय अंडी घालते आणि त्यातून पुन्हा माद्याच, आईची हुबेहूब नक्कल. गुणसूत्रांच्या दोन संचांऐवजी तीन संच असतात तिच्यात. आणि एकटीच्या भरवशावर संसार होत असल्यामुळे ही बाई झाडांच्या कुंड्यांमधल्या मातीत बसून अमेरिका, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, सगळीकडे पोचली. नवीन मुलखात एक पोचली तरी पुरते. जमिनीवरच्या सापांत इतका पसरलेला दुसरा साप नाही.

आईला हे सांगितलं. तिनं भाकर उलटली आणि म्हणाली, "मंग वाळा काहून म्हंतेत? वाळी म्हना."

तर धाग्याचा नियम एकच. ऑक्टोपस नको. आपल्या शिवारात, गोठ्यात, जंगलात जे दिसतं त्यातलं नवल सांगा. स्वतः पाहिलेलं असेल तर उत्तम.

बंडीवाला (अकोट)

भाऊ मस्त धागा. पन आमच्याकडं तं वाया कानात जाते म्हंतेत. लहानपनी बाहेर खाटेवर झोपलो का आजी कानात कापूस घालायची. कापूस घरचाच, कमी नाई.

धुऱ्यावरून

@बंडीवाला, आमच्याकडेही कापूसच. कानात शिरायचं त्याला काही कारण नाही, तिथं वाळवी नसते. (तुमच्या कानात असेल तर सांगा.)

पुणेरी वऱ्हाडी

वाचतोय. वाचनखूण साठवली.

नियम मोडून एकच: ऑस्ट्रेलियातला वॉम्बॅट नावाचा प्राणी चौकोनी लेंड्या टाकतो. थाप नाही. आतड्याची भिंत काही ठिकाणी ताठ, काही ठिकाणी सैल असते, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात माल कोपऱ्या-कोपऱ्याचा होतो. यावरच्या संशोधनाला २०१९ मध्ये इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस.

बंडीवाला

आयत्या इटा! घरकुलाच्या यादीत नाव नाई आलं तं वॉम्बॅट पाळतो.

ढोरडॉक्टर (वाशिम)

लेंड्यांचा विषय निघालाच आहे तर आपल्या रोह्याचं सांगतो. (पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी: रोही म्हणजे नीलगाय. गाय नाही, आशियातलं सगळ्यात मोठं हरीण-काळविटाच्या कुळातलं जनावर.) रोही पुन्हा पुन्हा ठरलेल्या जागी येऊन लेंड्या टाकतो. धुऱ्यावर (म्हणजे शेताच्या बांधावर) ढीग दिसला तर एकाच रात्री कळप बसून गेला असं समजू नका. तो त्यांचा निरोप्या आहे, कोण येऊन गेलं ते वासावरून कळतं.

आता माझ्या धंद्यातलं. गाईच्या पोटाचे चार कप्पे सगळ्यांना शाळेत शिकवतात. त्यातला दुसरा म्हणजे जाळी. आतून खरंच मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार. गाय चारा जिभेनं ओढते, नीट चावत नाही, गिळून टाकते आणि मग निवांत रवंथ करते. त्यामुळे कुटारात (भुशात) तारेचा तुकडा, खिळा, सुई असली तर तीही आत जाते. जड वस्तू जाळीत येऊन बसते. आणि जाळीच्या पुढं, मधल्या पातळ पडद्यापलीकडं, काय असतं? हृदय. रवंथ करताना जाळी आकसते, तार पुढं सरकते आणि टोचते. जनावर खांदे बाहेर काढून उभं राहतं, उतारावरून उतरताना कण्हतं, दूध एकदम खाली येतं.

यावर उपाय ऐकून लोक मला वेड्यात काढतात: गाईला लोहचुंबक गिळायला देतात. बोटाएवढा, गुळगुळीत. तो जाळीत जाऊन बसतो आणि जन्मभर तिथंच राहतो. येणारी तार त्याला चिकटते, फिरत नाही. तार आधीच हृदयापर्यंत पोचली असेल तर मात्र चुंबकाचा उपयोग नाही. म्हणून कुंपणाला तारा ओढून झाल्या की तुकडे वेचत जा बाप्पा. दरवर्षी सांगतो, दरवर्षी कोणीतरी तुकडे तसेच टाकून येतो.

पुणेरी वऱ्हाडी

गाईच्या पोटात चुंबक!! हे ऑक्टोपसपेक्षा भारी आहे.

बरं, चुंबकावरून आठवलं. २००८ साली जर्मनी-चेककडच्या संशोधकांनी गूगल अर्थवरची उपग्रहचित्रं घेऊन ३०८ कुरणांतली ८,५१० गुरं मोजली. गुरं चरताना आणि बसताना साधारण उत्तर-दक्षिण तोंड करतात, असं त्यांनी मांडलं. पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना जाणवतं म्हणे. विजेच्या उच्चदाब तारांखाली ही शिस्त मोडते, असंही पुढं म्हटलं. नंतर २०११ मध्ये दुसऱ्या गटानं मोजलं, त्यांना असं काही दिसलं नाही. वाद चालूच आहे. कोणी आपल्या गावच्या गाई पाहून सांगेल का?

धुऱ्यावरून

उद्याच आखरावर, गावची गुरं जमतात तिथं, जातो. गायकी (गुराखी) माझा बालमित्र आहे.

सांजवेळ (कारंजा)

डॉक्टरसाहेब, गाईला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, हे माझ्या मुंबईच्या जावेला पटत नव्हतं. "पडले असतील" म्हणाली. शेवटी दावणीला नेऊन बैलाचा ओठ वर करून दाखवला.

ढोरडॉक्टर

@सांजवेळ, वहिनी, बरोबर केलंत. वर नुसती टणक हिरडी असते. बाजारात वय पाहताना सगळे खालचेच दात मोजतात: दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळला. वरचे असते तर व्यापाऱ्यांना खोटं बोलायला आणखी जागा झाली असती.

बंडीवाला

डाक्टरसाहेब, आता मले एक सांगा. धामन म्हशीचं दूध पेते का नाई? माह्या आज्यानं डोयानं पाह्यलं होतं. पाह्यटे गोठ्यात गेला तं धामन म्हशीच्या पायाले येटोया घालून. म्हैस त्या दिवशी आटली.

ढोरडॉक्टर

आज्यांनी धामण गोठ्यात पाहिली हे शंभर टक्के खरं. दूध पिताना पाहिली का?

सापाला ओठ नाहीत, गाल नाहीत. चोखायचं तर तोंडात हवा अडवता आली पाहिजे, ती त्याला येत नाही. दात मागं वळलेले, सुयांसारखे. ते सडाला लागले तर म्हैस शांत उभी राहील का? लाथेनं कवेलूवर फेकेल. धामण गोठ्यात येते ती उंदरांसाठी. ढेप आणि कुटार असलं की उंदीर, उंदीर असले की धामण. आणि दूध आटतं ते बहुतेक वेळा कासदाहानं, आपण दगडी म्हणतो तो रोग. एका रात्रीत सड टणक होतो. सकाळी गोठ्यात दोन गोष्टी एकदम दिसल्या, माणसानं जोड लावली.

बंडीवाला

आज्याले सांगता येत नाई आता, तो वर हाय. पन बाबाले सांगतो. आयकनार नाईत.

ढोरडॉक्टर

नाही ऐकले तरी चालेल, धामण मारू नका म्हणावं. वर्षाला किती उंदीर कमी होतात ते तुरीच्या पोत्यांना विचारा.

मोहफूल (कुरखेडा, जि. गडचिरोली)

नमस्कार जी. मी बहुतेक वाचतेच, लिहिण्याची पहिली वेळ.

आमच्याकडच्या लाल मुंग्यांची चटणी सगळ्यांना माहीत आहे. लोक व्हिडिओ काढायला येतात, तोंड वाकडं करून खातात आणि निघून जातात. त्या मुंग्या घर कसं बांधतात ते मात्र कोणी पाहत नाही. झाडावरची हिरवी पानं जोडून गोळा केलेला असतो ना, तो शिवलेला असतो. आधी रांगेनं मुंग्या दोन पानांच्या कडा धरून ओढतात. अंतर जास्त असलं तर एकमेकींच्या कमरेला धरून साखळी करतात. कडा जवळ आल्या की बाकीच्या मुंग्या तोंडात अळ्या घेऊन येतात, आपलीच पोरं. मुंगी अळीला हलकेच दाबते, अळी तोंडातून रेशीम सोडते, आणि मुंगी तिला या कडेवरून त्या कडेवर नेते, धोट्यासारखी. मोठ्या मुंगीला रेशीम काढता येत नाही, अळीलाच येतं. अळीनं ते स्वतःच्या कोषासाठी वापरायचं, तर ते सगळं घराच्या कामी लागतं. तिचा कोष मग होतच नाही.

मी लहान असताना आजीसोबत कोसा (टसर रेशमाचे कोष) काढायला जायची. ऐनाच्या झाडावर कोशाचा किडा. त्याच्यातून जो पतंग निघतो, मोठा, पंखांवर डोळे असलेला, त्याला खायला तोंडच नसतं. म्हणजे असतं, पण कामाचं नाही. अळी असताना जे खाल्लं तेवढ्यावर काही दिवस जगायचं, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, संपलं. आजी त्याला "उपाशी पाहुणा" म्हणायची.

सांजवेळ

मोहफूल, लिहीत जा गं. धोट्यासारखी! माझे बाबा विणकर होते, डोळ्यापुढं आलं सगळं.

पऱ्हाटी (राळेगाव)

बोंडअळीवर कोणीच बोललं नाही? २०१७ विसरले वाटते. मी विसरलो नाही, दहा एकराचं बोंड काळं झालं होतं.

त्या रागातच तिचा अभ्यास केला. दुश्मन आहे, पण डोकं पाहा तिचं. गुलाबी अळी फुलात असली की पाकळ्या आतून धाग्यानं बांधून टाकते. फूल उमलतच नाही, गुलाबाच्या कळीसारखं राहतं, त्यालाच डोमकळी. बोंडात शिरली की शिरल्याचं भोक बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, आत सरकी खाणं चालू. फवारणी वरून, ती आतून.

खरं नवल शेवटी. हंगाम संपत आला, थंडी पडली की शेवटच्या पिढीतल्या अळ्या झोपी जातात. काही तर दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत. न खाता, न पिता, महिनोन् महिने. पऱ्हाट्या वावरात उभ्या ठेवल्या, सरकी जिनिंगमध्ये पडून राहिली, की ती तिथंच असते, पुढच्या पेऱ्याची वाट पाहत. म्हणून फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच पऱ्हाटीवर पुन्हा पीक, घेऊ नका म्हणतात. मी घेत होतो. आता नाही.

आणि कामगंध सापळा. त्यातल्या गोळीला मादीचा वास असतो, आपल्या नाकाला काही कळत नाही. नर पतंग बिचारा बायको समजून येतो आणि पिशवीत पडतो. सापळ्यात शंभर पतंग मेले म्हणून खूश होऊ नका, ते सगळे नर आहेत. अंडी घालणारी बाहेरच आहे. सापळा आपल्याला सांगतो, की पाहुणे आले.

धुऱ्यावरून

@पऱ्हाटी, दादा, पोरीला वाचून दाखवलं. ती म्हणाली वाळ्याला नवरा लागत नाही आणि बोंडअळीचा नवरा फसतो, म्हणजे नवऱ्यांचं काही खरं नाही. आई फार हसली.

टॉर्चवाला (मोर्शी)

मी ऑनलाइन एक यूव्ही टॉर्च मागवला होता, नोटा तपासायला दुकानात असतो तसा जांभळा. लाईट गेले होते, रात्री सहज विहिरीच्या दगडी बांधावर मारला. आईशप्पथ, पाच हिरवे इच्चू चमकत होते! रेडियमच्या घड्याळासारखे. साध्या टॉर्चनं पाहिलं तर एकही दिसेना.

मग वाचलं. विंचवाच्या कातडीच्या वरच्या थरात अशी द्रव्यं असतात, जी अतिनील उजेडात चमकतात. मेल्यावरही चमकतात. नुकती कात टाकलेला विंचू मात्र चमकत नाही, कातडी कडक झाली की पुन्हा सुरू. कशासाठी चमकतो यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही.

एका मादीच्या पाठीवर पांढरी पिल्लं होती, भरगच्च. विंचू अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देतो, आणि पहिली कात टाकेपर्यंत ती आईच्या पाठीवर.

ढोरडॉक्टर

@टॉर्चवाला, पायात बूट होते ना? लाल विंचू लहान दिसतो पण तोच जास्त घातक. जंगलातला मोठा काळा दिसायला भयंकर, विषानं त्या मानानं सौम्य. लाल विंचवाच्या दंशानं हृदयावर ताण येऊन माणसं दगावत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात रक्तदाबावरचं प्रॅझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं आणि मृत्यू फार कमी झाले. चावला तर मांत्रिक, कांदा, चुना काही नाही, सरळ दवाखाना.

बावनथडी (तुमसर)

वाळवीबद्दल कोणी लिहिलं नाही जी, म्हणून धागा वर काढतोय.

आपण समजतो शेती माणसानं शोधली. आपल्या धुऱ्यावरच्या वारुळातली वाळवी कोट्यवधी वर्षांपासून शेती करून राहिली. ती लाकूड-गवत खाते, पण ते नीट पचत नाही तिला. म्हणून चावलेल्या मालाची ती आत मधाच्या पोळ्यासारखी गादी रचते, त्यावर एक बुरशी वाढवते, आणि ती बुरशी तो माल कुजवून खाण्याजोगा करते. म्हणजे खतही स्वतःचं, बियाणंही स्वतःचं, नफ्या-तोट्याची चिंता नाही. पावसाळ्यात त्याच बुरशीच्या छत्र्या वारुळावर येतात. आपण त्यांना सात्या म्हणतो. त्यांची लागवड माणसाला अजून साधली नाही, वाळवीशिवाय ती बुरशी वाढत नाही नीट.

आत राणी असते हे सगळ्यांना माहीत. राजाही असतो, हे कमी लोकांना. मधमाशीचा नर एकदा कामाला येऊन मरतो. वाळवीचा राजा राणीशेजारी त्याच कोठीत आयुष्य काढतो. (@धुऱ्यावरून, तुमच्या कन्येला सांगा, नवऱ्यांचं सगळंच वाईट नाही.)

आणि वारूळ श्वास घेतं. २०१५ मध्ये बेंगळुरूकडच्या वारुळांवर मोजमाप करून हे दाखवलं गेलं. दिवसा बाहेरच्या पातळ भिंती लवकर तापतात, तिथली हवा वर चढते आणि मधल्या धुराड्यातून खाली उतरते. रात्री भिंती आधी थंड होतात, मग उलटा फेरा. भिंतीला बारीक छिद्रं असतात, त्यातून आतली कोंदट हवा बाहेर जाते. पंखा नाही, वीज नाही. आमच्या फिडरवर हेच पाहिजे जी.

मोहफूल

वारुळाजवळ रात्री जाऊ नका पण. आमच्याकडे वाघापेक्षा अस्वलाची भीती जास्त. वाघ माणूस दिसला की बहुतेक वेळा वाट सोडतो, अस्वल दचकलं तर अंगावरच येतं.

आणि वाळवी खायला त्याचं तोंडच तसं बनलेलं आहे. वरच्या जबड्यातले मधले दोन दात नसतात. वारूळ नखांनी फोडतं, आधी फूंऽऽ करून माती उडवतं, नाकपुड्या बंद करतं, ओठांची नळी करून त्या दातांच्या फटीतून वाळवी ओढून घेतं. तो आवाज शंभर मीटरवरून सहज ऐकू येतो. मोह वेचायला पहाटे जाणाऱ्या बाया त्या आवाजावरूनच मागं फिरतात. पिल्लं पाठीवर बसून असतात, लांब केसांना धरून. आमच्या गावात म्हणतात अस्वल मोह खाऊन झिंगतं. ताज्या फुलात दारू नसते जी, साखर असते. झिंगतात ते दुसरे.

बंडीवाला

दुसरे म्हंजे कोन ते सांगू नका, ते बी हा धागा वाचतेत.

पुणेरी वऱ्हाडी

ते उडणारे पिवळट चतुर राहिले! सोयाबीन कापणीच्या आधी शिवारावर झुंडीनं असतात ते. आम्ही शेपटीला दोरा बांधायचो, पाप लागलं असेल. त्यांच्यातला एक, इवलासा, ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, पावसाळा संपला की वाऱ्यावर बसून हिंदी महासागर ओलांडतो. मालदीवला ऑक्टोबरमध्ये अचानक लाखोंनी उतरतात. तिथं चतुराला वाढायला गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीत. मग हे आले कुठून? चार्ल्स अँडरसन नावाच्या जीवशास्त्रज्ञानं वर्षानुवर्षं तारखा लिहून ठेवल्या आणि २००९ मध्ये मांडलं, की भारतातून निघून आफ्रिकेकडं चाललेत. परत येतात ते त्यांचे वंशज, एका जन्मात फेरा होत नाही.

धुऱ्यावरून

आखराचा अहवाल.

काल दुपारी बारा ते एक. एकूण गुरं ३१. उत्तर-दक्षिण तोंड: ९. पूर्व-पश्चिम: ७. बाकीच्या १५ बाभळीच्या सावलीत जिथं जागा मिळाली तिथं, तोंड कुणीकडेही. गायक्याला जर्मन संशोधन समजावून सांगितलं. तो म्हणाला, "पावसाची झड आली का ढोरं पाठ करतेत तिकडं. उन्हात सावली पाहतेत. अन् संध्याकाळी समद्यायचं तोंड गावाकडं." संध्याकाळी सहाला पुन्हा गेलो. ३१ पैकी ३१ गावाकडं.

वाळी पुन्हा तुळशीत सोडली आहे. आईनंच सोडायला लावली.

@बावनथडी, सात्या यंदा कधी निघतील तुमच्याकडं? आणि नेमक्या कुठल्या वारुळावर?

बावनथडी

पोळ्याच्या आसपास पाहा जी. आले तर घरी या, भाजी खाऊ घालतो. वारूळ कुठलं ते माझ्या सख्ख्या भावालाही सांगितलेलं नाही.